नवापर्यंतचा उजेड

मुलीच्या बापाने, धम्मपालने, आढ्याला टांगलेल्या ट्यूबकडे बघत पोह्यांचा घास तोंडात टाकला आणि विचारलं, “किती वाजेपर्यंत चालतं हे?”

“रात्री नऊ,” मुकेश म्हणाला.

“रात्रभर!” त्याचा धर्माकाका त्याच वेळी म्हणाला.

डोळखांबच्या पुढच्या त्या वाडीत विजेचा खांब अजून आला नव्हता. निवडणुकीला आश्वासन मात्र न चुकता यायचं. दोन हजार तीन साल उजाडलं तरी मुकेशच्या घरात रॉकेलची चिमणी होती, आणि तिच्यापायी दोन स्थळं परत गेली होती. एका मुलीच्या आईने तर चहाची वाटही पाहिली नाही. तेव्हा आसनगावला मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या मुकेशने चिडून कौलांवर सोलरचं पॅनल चढवलं आणि हिशोबाला बसला.

पॅनलच्या पाठीवर चौऱ्याहत्तर वॅट छापलं होतं. पण छापलेले वॅट आणि लग्नाच्या बोलणीत सांगितलेला पगार, दोन्ही हातात पडतात तेव्हा कमीच भरतात, हे त्याला ठाऊक होतं. थंडीत ऊन डोंगरामागून उशिरा येतं आणि लवकर पळतं. म्हणून त्याने खरं ऊन चारच तासांचं धरलं. भाताच्या झोडणीची धूळ वजा केली. थोडं वायर खाते, थोडं बॅटरी खाते, तेही वजा केलं. उरलं त्यात दोन ट्यूब आणि एक छोटा टीव्ही बसवला. रात्री नऊ. सकाळी त्याने कौलांवर चढून पॅनल स्वतःच्या नव्या बनियनने पुसलं. गोजाबाईने खालून आईच्या हक्काने शिव्या घातल्या.

पाहुणे दुपारी यायचे ते जीप बंद पडल्यामुळे दिवेलागणीला आले. आले ते मुलीलाही घेऊन. घर बघायला पोरीने स्वतः यायचं, हे वाडीत पहिल्यांदाच घडत होतं. पिंकी शहापूरला शिवणाचा क्लास चालवायची. ती टीव्ही बघत नव्हती. वायर कुठून कुठे गेलीय, ते बघत होती.

“माझी मशीन मोटारवाली हाय,” ती म्हणाली. “ती चालंल का यावर?”

“मशीन काय घेऊन बसलीस पोरी,” धर्माकाका मांडीवर थाप मारत म्हणाला, “भाताची गिरण चालंल!”

मुकेशने तोंड उघडलं. काकाने त्याला चिमटा काढला. दोन स्थळं डोळ्यांपुढे आली आणि मुकेशने तोंड मिटलं.

तेवढ्यात दोन्ही ट्यूब गेल्या. टीव्हीवरची बातम्यांची बाई तोंड उघडं ठेवून नाहीशी झाली. अजून साडेसातही झाले नव्हते.

अंधारात कोणाची तरी बशी पडली.

“कंपनीचा फॉल्ट!” काकाचा आवाज आला. “आता येतीय बघा.”

“नाय काका, फॉल्ट नाय,” मुकेश म्हणाला. अंधारात बोलणं सोपं जात होतं. “अंदाज माझाच चुकला. आन् मशीन पण चालणार नाय. पावसाळ्यात तर ह्या बत्तीचा पण भरवसा नाय. उगाच फसवून आणायचं नाय मला.”

काकाने कपाळावर हात मारला. तो दिसला नाही, पण ऐकू आला.

मग पिंकी हसली. चांगली खळखळून हसली.

“बाबा, खर्डीच्या स्थळाचं आठवतंय?” ती म्हणाली. “इन्व्हर्टर इन्व्हर्टर करत होते, आन् परसात जनरेटर धडधडत होता. विचारलं तर म्हणे, शेजाऱ्यांची म्हैस हाय. ह्यांची बत्ती गेली, तर निदान गेली म्हणाले.” थोडी थांबून म्हणाली, “मशीनची मोटार काढून ठेवीन मी. पाय हायेत मला.”

धम्मपालने अंधारातच धर्माकाकाचा हात शोधला. पहिल्यांदा गोजाबाईचा तांब्या हाती लागला. मग हात सापडला. चिमणीच्या उजेडात साखर वाटली गेली. “जय भीम” झाले. पाहुणे गेले.

मुकेश चिमणी घेऊन आतल्या खोलीत बॅटरी बघायला गेला. लग्न ठरल्याचा आनंद होता, पण हिशोब चुकल्याची खुटखुटही होती. तिथे बॅटरीवरचा हिरवा दिवा ठणठणीत जळत होता. फक्त ट्यूबकडे जाणारी वायर उपसून बाजूला ठेवली होती.

“आये! ही कोणी काढली?”

“मी,” गोजाबाई भांडी गोळा करत म्हणाली. “तुझा काका गिरणीपर्यंत पोचला, आता आगगाडी चालवील वाटलं मला. आन् पोरगी अंधारात बसती का उठून जाती, ते पण बघायचं व्हतं.”

तिने दाराबाहेर डोकावून पाहुणे लांब गेल्याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला.

“आता लगीन लागंपर्यंत तिला सांगू नको, तुझा हिशोब बरोबर व्हता म्हणून.”