ड्यूटी डॉक्टरांचा अभिप्राय

खाट मिळेना म्हणून भडकलेल्या एका नातेवाइकानं भरदुपारी अपघात विभागात सलाइनचा स्टँड डॉक्टर सृष्टीच्या डोक्यात घातला. सिस्टरनी चार टाके घातले, तोवर जबाब घ्यायला हवालदार मल्हारराव हजर झाले.

"मॅडम, पेशंट जबाब द्यायच्या स्थितीत हाय, आसं आधी ड्यूटी डॉक्टरचं लेखी लागतं. बोलवा की त्यांना."

"मीच आहे."

"दुसरं कुणी?"

"दोन जागा रिकाम्या. तिसरे स्वतःच ॲडमिट आहेत."

"मग लिहा तुम्हीच, त्याला काय! जबाबाला दोन तास लागत्यात, निवांत बसू."

सृष्टीनं दाराबाहेर गेलेली पेशंटची रांग पाहिली आणि कागदावर लिहिलं,

 

'पेशंट जबाब देण्याच्या स्थितीत नाही. ड्यूटी करण्याच्या स्थितीत आहे.'