गोळ्यांची वाटणी

“गोळ्या एकत्र केल्या?” डॉक्टरीणबाई हबकल्याच. गुडघेदुखीला हळदीच्या गोळ्यांनी खरंच गुण येतो का, याचीच तर परीक्षा चालली होती. हौसाबाई आणि त्यांच्या जावेला एकेक डबी दिली होती; एका डबीत हळदीच्या, दुसरीत तशाच दिसणाऱ्या पिठाच्या.

“वाटणीत चांगली जमीन कुणाला गेली, यावरून या धाकट्या जावेशी अबोला होता माझा,” हौसाबाई म्हणाल्या. “पुन्हा तेच नको, म्हणून एकाच डबीत ओतल्या. रोज माझ्या ओट्यावर बसून दोघी त्यातूनच घेतो. गुडघा हलका झालाय की!”

“कशानं झालाय, ते आता कळायचं नाही, मावशी. तुम्हा दोघींची नावं या परीक्षेतून कमी करावी लागतील.”

डबी दवाखान्यातच राहिली. परतताना पिवळ्या बाभळीखाली हौसाबाईंचे पाय पुन्हा जड झाले. उद्या ओट्यावर कोण येणार?

वळणावर जाऊ थबकली. “अक्का, गोळी नाही तर नाही. चहा तरी टाकाल ना?”