दोन मिलिमीटर

तिसऱ्या टूलच्या खोक्यावरही झाकण बसलं नाही.

तिने ते दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, शेवटी तळहाताने वरून एक रट्टा दिला. झाकण कडेवर डुगडुगत राहिलं. झाकण जुन्या लॉटमधलं, हजारदा पारखलेलं. तिने खोक्याला कॅलिपर लावलं. दोन मिलिमीटर लांब. काल दुसऱ्या टूलचा खोकाही दोन मिलिमीटर लांब आला होता, परवा पहिल्याचाही.

"टूल चुकत नाही हो मॅडम," टूल विकणारा फोनवर म्हणाला. "इतक्या ठिकाणी चालतंय."

"मग काय पत्रा चुकतो? का माझं कॅलिपर रात्रीतून आटलं?"

"एकदा तुमच्याकडची सेटिंग बघता का?"

तिने फोन आपटला. नाचता येईना, अंगण वाकडं!

विजेच्या पॅनेलचे खोके बनवणाऱ्या या कारखान्यात अकरा वर्षं ती वरच्या मजल्यावर डिझाइन करत होती. तिने काढलेलं ड्रॉइंग कागदावर छापून खाली वर्कशॉपमध्ये जायचं. फोरमन त्यावरून पत्रा कापून घ्यायचा, प्रेसवर वाकवायचा. आता मालकांनी नवं कटिंग मशीन आणलं होतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला एक टूल जोडलं, की ड्रॉइंगवरून कापायची फाइल आपोआप बनून थेट मशीनला जाणार होती. कागद नको, जिना नको. तीन टूल चाचणीला आली होती. त्यातलं एक आज चार वाजेपर्यंत तिने निवडायचं होतं.

"तुम्हाला निवडता येत नसेल, तर निवडणारा बाहेरून आणू," मालक सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते. "तुमची खुर्चीही त्यालाच देऊ." टेबलाच्या टोकाला कोणीतरी खुदकन हसलं होतं. ते हसू चार दिवस तिच्या कानातून जात नव्हतं.

तिने रिपोर्ट टाइप केला. बोटं कीबोर्डवर नुसती आदळत होती. 'तिन्ही टूल नापास. आमची सध्याची पद्धत अकरा वर्षांत एकदाही चुकलेली नाही.' शेवटचं वाक्य तिने ठळक केलं. खाली वर्कशॉपची सही लागणार होती. ती कागद घेऊन तरातरा जिना उतरली. या बाबतीत फोरमन तरी आपल्या बाजूचा असणार. टूल आलं तर त्याचंही टेबल जाणारच होतं.

फोरमनला सगळे मामा म्हणायचे, तीही म्हणायची. ते प्रेसजवळ उभे होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, रिपोर्ट सावकाश वाचला. सही केली नाही.

"टूल बरोबर आहेत, मॅडम."

"काय?"

"पत्रा वाकवला की ताणतो. किती ताणेल तो आकडा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी घातलाय?"

"मी. पुस्तकात बघून घातलाय."

"मग पुस्तकातल्या पत्र्याला तो बरोबर असेल. आमच्या या म्हाताऱ्या प्रेसवर दर बेंडला अर्धा मिलिमीटर जास्त ताणतो. खोक्याला बेंड चार."

हिशोब करायला कागद लागला नाही. तीन कंपन्या, तीन टूल, आणि तिघांची चूक अगदी सारखी. असं दिसलं की तिघांत समान काय आहे ते आधी तपासायचं, हे ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकली होती. तिघांनीही तिचाच आकडा प्रामाणिकपणे वाचला होता. चार दिवस रागावण्यातच गेले. तपासायला वेळ झाला नाही.

"पण आजवर तर खोके बरोबर येत होते," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा चढला नाही.

मामांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत ड्रॉइंगचे गठ्ठे होते, वर्षावार सुतळीने बांधलेले. तिने पहिला सोडला, मग मधला, मग गेल्या महिन्याचा. प्रत्येक कागदाच्या तळाशी तिची रेखीव सही. आणि प्रत्येक कागदावर कापायच्या लांबीचा आकडा लाल पेन्सिलने खोडलेला, खाली दुसरा लिहिलेला. एकही सुटला नव्हता.

"चार वाजता रिपोर्ट नेणार असाल," मामा म्हणाले, "तर हे गठ्ठेही न्या वर. मालकांना कळू दे पद्धत काय होती ती."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अकरा वर्षं! अकरा वर्षं माझी चूक माझ्याच पाठीमागे खोडत बसलात? एका शब्दाने सांगता आलं नाही? मजा बघत होतात का माझी?"

प्रेसवरचे दोघे काम थांबवून बघू लागले. मामांनी चष्मा काढला.

"सांगितलं होतं. तुम्ही लागलात त्याच आठवड्यात. जिना चढून तुमच्या टेबलाशी आलो होतो. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. म्हणालात, 'मामा, आकड्यांचं आम्ही बघतो, तुम्ही पत्रा वाकवा.'"

त्यांनी खण पायाने बंद केला आणि ते प्रेसकडे वळले.

"तेव्हापासून वाकवतोय."