मामूचा साहेबी आवाज

लंडनला समाजशास्त्र शिकायचं तर प्रोफेसरला फोनवर इंग्रजी बोलून दाखवायची अट होती, आणि साहेबाचा आवाज ऐकला की नबीलाची बोबडी वळायची. म्हणून हाशिममामू रोज पीसीओवरून साहेबी आवाजात फोन करून तिला बोलतं करायचा. आज मिरकरवाड्याच्या बंदरावरून बांगडे घेऊन आला, तर भाची फोनवर इंग्रजीत कुणालातरी झाडत होती, "पुरुष आखातात गेले म्हणून बायका रिकाम्या बसतात काय? मामू, नाटकं पुरे." मामू तर दारात उभा, म्हणजे पलीकडे खराखुरा प्रोफेसर. हिनं मला पाहिलं तर हिची वाचाच बसेल, त्याच्या मनात आलं. बांगड्यांसकट दाराआड दडला, मांजरं अंगावर चढली तरी हलला नाही. तिनं फोन ठेवल्यावर जरा वेळानं, पीसीओवरून आल्यासारखा ऐटीत आत शिरला. "मामू, आज खरा साहेब वाटलास." "शेवटी काय म्हटलं मी?" "सप्टेंबरात ये, जागा पक्की." "मग चल गो, स्वेटर घेऊ."