बारावी खुर्ची

पवित्र गुरुवारची मिस्सा सुरू झाली, तरी वेदीपुढची बारावी खुर्ची रिकामीच होती. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर ज्यांचे पाय धुणार, त्या बारा पुरुषांपैकी एकजण तापाने फणफणला होता. चर्चची व्यवस्था बघणारा पास्कू बदली माणूस शोधत होता. तेवढ्यात केळीच्या वाडीतून तडक आलेली रेमेदबाय त्या खुर्चीवर जाऊन बसली.

"ऊठ, बाय! ही जागा पुरुषांची," पास्कू दबक्या आवाजात खेकसला.

"गावातली बाई गेली की तिला आंघोळ मीच घालते, पास्कू. तुझ्या आईचे पायसुद्धा मीच धुतले. आज माझे धुऊ देत."

पास्कूची मान खाली गेली. फादर परात घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. बाकीचे अकराजण घरूनच पाय घासून आले होते. परातीतलं पाणी आता पहिल्यांदा गढूळ झालं. बाकांवर कुजबुज उठली, पण रेमेदबायने पाय मागे घेतले नाहीत.