चिमाबाईचं सासर

सकाळी मायाप्पानं उचलून मागाच्या खड्ड्यात बसवलं, की त्याची बहीण चिमाबाई संध्याकाळपर्यंत तिथंच. पाय जन्मापासून लुळे. पायांचं काम ती दोऱ्या ओढून हातांनी करायची, आणि घोंगडी अशी विणायची की कुंभारीपासून सोलापूरच्या नवी पेठेपर्यंत लोक नावानं मागून न्यायचे. नाव मात्र मायाप्पाचं!

भावजय अंगानं काडी. मायाप्पा मेंढरांमागं गेला, की चिमाबाईला उचलणार कोण? दारातल्या लिंबाला मोहर आलेला तिला नुसता वासावरून कळायचा. त्या खड्ड्यात तिचा जीव गुदमरून जायचा.

अशात पेठेतला घोंगड्यांचा व्यापारी बिराप्पा स्थळ घेऊन आला. स्वतःचंच.

"चिमे, त्येला पयल्या दोन बायका हायत," मायाप्पा म्हणाला. "आजवर एकबी कुनाच्या नजरंला पडली न्हाय. तिसरी कशाला पायजे त्येला?"

"आपली घोंगडी कोन विनंल, ह्योच तुला घोर, दादा."

मायाप्पा उठून मेंढरांकडं गेला. खरं बोललं की माणसं उठूनच जातात, असं चिमाबाईला वाटलं.

सवतींचं तिला भय नव्हतंच. उलट आनंदच होता. एकीनं नाही तर दुसरीनं अंगणात उन्हाला नेऊन बसवलं असतं. भांडेनात का, उचलतील तर खऱ्या!

"तुज्या पायांवरनं माज्या घरात कुनी ब्र काढनार न्हाय," बिराप्पानं शब्द दिला. चिमाबाईला रडूच फुटलं.

लग्न लागलं. बहिणीला गाडीत बसवून मायाप्पा तिचा हात सोडीना. "काय वाटलं तर सांगावा धाड. मी येतो."

चिमाबाईनंच हात सोडवून घेतला.

सोलापुरात गाडी पोचली तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. बिराप्पानं तिला उचलून उंबऱ्याबाहेर टेकवलं. आतून मागांचा खडखडाट येत होता.

"ओवाळल्याबिगर मी आत येयाची न्हाय," चिमाबाई लाजत म्हणाली.

बिराप्पा हसला. "अगं ए, नवी आली! ताट आना की."

खडखडाट थांबला. चिमाबाईनं पदर सावरला आणि मान खाली घालून सवतींच्या पावलांची वाट बघत राहिली.

आधी ताट आलं, जमिनीवरून, पुढं पुढं ढकललेलं. त्याच्यामागून दोघी हातांवर सरपटत आल्या.