नायकाची कवळी

तांड्यात नायकाचा शब्द शेवटचा. इंद्रजीतनं विकलेलं कपाशीचं बियाणं बोगस निघालं, तसे फसलेले सगळे त्याच्या बापाकडे, खेमसिंग नायकाकडे, न्याय मागायला आले. पोटच्या पोराचीही गय करायची नाही, हे म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. पण ऐन वेळी कवळी सापडेना.

ओट्यावर नात अंजू इंग्रजी घोकत होती. “आबाजी, ‘टूथलेस’ म्हंजे ज्याचा अधिकार नावालेच हाय तो. दात पडलेल्या कुत्र्यावानी.”

खेमसिंगनं तशाच बोळक्या तोंडानं निकाल दिला. कोणाला काही कळेना.

“बाबा म्हणून राह्यले, पावसानंच दगा देल्ला,” इंद्रजीतनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

 

माणसं पांगल्यावर त्यानं खिशातून कवळी काढून बापाच्या ताटाशी ठेवली. “आता जेवा, बाबा.”